चाकाचं घर्षण की हवेचा रोध: गाडीला नेमकं कोण अडवतं?

उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-निपाणी पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वीसच्या वेगाने चाललेले दिसतात. शेजारून एखादा पोरगा टाकीवर छाती टेकवून बाईक ऐंशीने काढतो. दोघांनाही काहीतरी मागे ओढतंय, पण ते एकच नव्हे. ट्रॅक्टरला मुख्यतः चाकं अडवतात, बाईकला हवा.

टायर जमिनीला टेकतो तिथे चेपतो आणि पुढे सरकला की पुन्हा फुगतो. चेपायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णतेत जाते. लांबचा पल्ला मारून टायरला हात लावा, गरम लागेल. हा अडथळा वजनाप्रमाणे वाढतो: भार दुप्पट, तर तोही साधारण दुप्पट. टायरात हवा कमी असेल तर आणखी. वेगाने मात्र त्यात फारसा फरक पडत नाही.

हवेचं उलट आहे. तिला तुमच्या वजनाशी देणंघेणं नाही. गाडीचा समोरचा भाग किती रुंद, आकार कसा आणि वेग किती, एवढंच ती बघते. वेग दुप्पट झाला की रोध चौपट.

हजार किलोची साधी कार घ्या. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांचा अडथळा अंदाजे दहा-बारा किलो वजनाइतका, चाळीसला काय नि ऐंशीला काय. हवेचा रोध चाळीसला जेमतेम पाच किलो, ऐंशीला वीस, शंभरला तीस. म्हणजे साठच्या आसपास पारडं फिरतं. महामार्गावर ऐंशीऐवजी शंभरने गेलं की पेट्रोल का जास्त जळतं, ते इथे कळतं.

आता तवंदी घाट. निपाणीकडे उतरताना डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलला टाकणारे आजही आहेत, आणि ‘भरलेली गाडी जड, ती आपोआप दबून चालते’ असं ते मनापासून मानतात. हे साफ चूक आहे. वजन वाढलं की चाकांचा अडथळा वाढतो हे खरं, पण उतारावर खाली खेचणारी ओढही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे तो हिशेब फिटतो. उरते हवा, आणि ती तर वजनाबरोबर वाढतच नाही. म्हणून मोकळ्या सोडलेल्या दोन सारख्या ट्रकांत भरलेला रिकाम्यापेक्षा जास्त पळतो. सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि फार तापले की पकड सोडतात. कळकळीने सांगतो, घाटात खालचा गिअर टाका, इंजिनालाच गाडी धरू द्या.

ब्रेक दाबल्यावर एक गल्लत हमखास होते. कोरड्या रस्त्यावर साठने जाणारी कार कचकन ब्रेक दाबल्यावर साधारण वीस मीटरमध्ये थांबते, ऐंशीला छत्तीस मीटर लागतात. ‘वेगाच्या वर्गात वाढतंय, म्हणजे हवेचाच संबंध’ असं वाटतं. पण इथे काम टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचं आहे आणि ते जवळपास तेवढंच राहतं. वर्गात वाढते ती गाडीची ऊर्जा, जी त्याच घर्षणाला जिरवायची असते. खानापूर-चोर्ला बाजूच्या पावसात ओल्या रस्त्यावर पकड घटते, तेव्हा ऐंशीला साठ मीटरही कमी पडू शकतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंत कापलेलं अंतर यात धरलेलं नाही.