हे मत नेमकं कोणाचं? वाचकाच्या अभिप्रायाची पूर्वपीठिका

अलीकडे काय वाचलं, काय पाहिलं, त्यातलं काय भावलं आणि काय डोक्यात गेलं, हे चार ओळींत लिहून मोकळं होण्याची सवय इंटरनेटने लावली, असा एक समज आहे. ही सवय छपाईपेक्षाही जुनी आहे. नवव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलला फोटिओस नावाचा विद्वान होता, पुढे तो तिथला धर्मप्रमुख झाला. भावाच्या आग्रहावरून त्याने आपण वाचलेल्या सुमारे २८० पुस्तकांवर टिपणं लिहिली. काही टिपणं दोन-तीन ओळींची, काही पानंच्या पानं. त्यात धर्मग्रंथ आहेत, इतिहास आहे, वैद्यक आहे आणि प्रेमकथाही आहेत. अशाच एका कादंबरीबद्दल तो म्हणतो की भाषा उत्तम आहे, पण मजकूर अश्लील. म्हणजे नावं ठेवायची तर ठेवली, पण पुस्तक शेवटपर्यंत वाचलंही! त्याने नोंदवलेल्या पुस्तकांपैकी निम्म्याच्या आसपास आज उपलब्धच नाहीत. त्यांतल्या कित्येकांबद्दल आपल्याला जे काही कळतं, ते या एका माणसाच्या आवडीनिवडीतून.

पण मनमोकळं मत म्हणजे काय, हे पाहायचं तर सतराव्या शतकातल्या लंडनकडे जावं. आरमारी खात्यातला अधिकारी सॅम्युएल पीप्स १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत रोजनिशी लिहीत होता. कोणी वाचेल, अशी धास्ती नाही. २९ सप्टेंबर १६६२ला त्याने शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' पाहिलं आणि इतकं बेचव, हास्यास्पद नाटक उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, असं लिहून ठेवलं. पाठोपाठ, नाचगाणं बरं होतं आणि काही देखण्या बायका दिसल्या, हीही नोंद आहे. त्याच वर्षी डिसेंबरात, गाजत असलेलं 'ह्यूडिब्रास' हे उपहासकाव्य त्याने अडीच शिलिंगांना घेतलं. वाचल्यावर ते इतकं पोरकट वाटलं की जेवणाच्या पंगतीत भेटलेल्या एकाला त्याच दिवशी दीड शिलिंगात विकून टाकलं. गंमत पुढेच आहे. फेब्रुवारीत त्याने तेच पुस्तक पुन्हा विकत घेतलं. सगळं जग ज्याची वाहवा करतंय ते आपल्यालाच आवडू नये, म्हणजे त्या दिवशी आपलंच काहीतरी बिनसलं असावं, असं त्याचं म्हणणं. वाचक म्हणून माझा पीप्सवर फार जीव आहे. शेक्सपिअरबाबत तो साफ चुकला असेलही, पण मत त्याचं होतं आणि तो माणूस कसा होता हे आपल्याला ठाऊक आहे.

छापील परीक्षणाने नेमकी हीच गोष्ट पुसली. ५ जानेवारी १६६५ला पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे साव्हाँ' निघालं. नव्या पुस्तकांची खबरबात देणारं हे पहिलं नियतकालिक. त्याचा संपादक देनी द सालो टोपणनावाने लिहीत होता. टीका इतकी झोंबली की तीन महिन्यांच्या आतच अंक बंद पडले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या संपादकाच्या हाती ते पुन्हा सुरू झालं. लंडनमध्ये १७४९ साली राल्फ ग्रिफिथ्सने 'मंथली रिव्ह्यू' काढलं. तो स्वतःच पुस्तकांचा धंदा करणारा, त्यामुळे स्वतः छापलेल्या पुस्तकाची भलामणही त्याच्या मासिकात आली.

निनावी परीक्षणाचा खरा दरारा मात्र एकोणिसाव्या शतकातला. १८०२चं 'एडिंबरा रिव्ह्यू' आणि त्याला उत्तर म्हणून १८०९ला निघालेलं 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' यांत सही नसे. बोलणारा 'आम्ही' असे, आणि त्या 'आम्ही'त न्यायाधीशाचा आव असे. १८१८ साली 'क्वार्टर्ली'ने इंग्रज कवी कीट्सच्या 'एंडिमिअन' या दीर्घकाव्याला झोडपलं. लिहिणाऱ्या जॉन विल्सन क्रोकरने सुरुवातीलाच कबूल केलं होतं की चारांपैकी पहिल्या सर्गापलीकडे आपली मजल गेली नाही. पुढे कीट्स त्या टीकेने मेला अशी दंतकथा पसरली. मेला तो क्षयाने.

निनावी लिहिण्याचा दुसरा फायदाही लोकांनी उठवला. वॉल्टर स्कॉटने १८१७ साली त्याच 'क्वार्टर्ली'त स्वतःच्याच कादंबऱ्यांवर लेख लिहिला. त्या कादंबऱ्याही निनावीच असल्यामुळे बिंग लगेच फुटलं नाही. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली आपल्या कवितासंग्रहाची निनावी स्तुती स्वतःच छापून आणली. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट' या पुस्तक-परीक्षणांच्या साप्ताहिकाने तर १९०२ पासून १९७४ पर्यंत परीक्षकाचं नाव छापलं नाही.

टोपणनावाची गोष्ट वेगळी, असं मला वाटतं. 'अभिरुचि'तला 'निषाद' किंवा 'ललित'मधला 'ठणठणपाळ' यांच्यामागे मं. वि. राजाध्यक्ष आणि जयवंत दळवी आहेत हे ज्याला माहीत नव्हतं, त्यालाही काही अंकांनंतर तो माणूस ओळखीचा होत असे. कोणाची टोपी उडवायला त्याला आवडते, कशापुढे तो नरम पडतो, याचा अंदाज येत असे. 'आम्ही'बाबत हे कधीच होत नाही.

विसाव्या शतकात माणूस आणखी आक्रसला. १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली, तेही जास्तीत जास्त तीनच. इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फने १९३९ साली परीक्षणावर एक पुस्तिका लिहिली. तिचं म्हणणं असं, की वर्तमानपत्री परीक्षणं आता इतकी तोकडी आणि परस्परविरोधी झाली आहेत की ती लेखक-वाचक दोघांच्याही कामाची नाहीत. त्यापेक्षा एकाने पुस्तकाचा गोषवारा द्यावा आणि पसंत असेल तर एक खूण, नापसंत असेल तर दुसरी खूण ठोकावी. लेखकाला खरं मत हवं असेल तर त्याने डॉक्टरकडे जावं तसं फी देऊन परीक्षकाकडे खाजगीत जावं. तिच्या नवऱ्याला, लेनर्ड वुल्फला, हे पटलं नाही आणि त्याने त्याच पुस्तिकेत आपली असहमतीची टीप जोडली. तिने उपरोधाने सुचवलेला शिक्का आज प्रत्येक पडद्यावर आहे. खाजगी सल्ल्याची सूचना मात्र कोणी मनावर घेतली नाही.

इंटरनेटने सुरुवातीला पीप्सचाच वारसा चालवला. १९८०च्या दशकात यूजनेटवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरच्या चर्चागटांत, लोक पुस्तकं आणि सिनेमांवर तावातावाने लिहीत. तिथल्याच सिनेमाविषयीच्या एका चर्चागटातून १९९० साली आयएमडीबी हा सिनेमांच्या माहितीचा साठा जन्माला आला. १९९५ला ॲमेझॉनने ग्राहकाला पुस्तकाखाली मत लिहायची मुभा दिली. तेव्हा प्रकाशकांना प्रश्न पडला, की विकणाराच वाईट मत का छापतोय? २००४ साली कॅनडातल्या ॲमेझॉनवर तांत्रिक घोटाळ्यामुळे निनावी अभिप्रायांमागची खरी नावं काही दिवस उघडी पडली आणि त्यांत स्वतःच्या पुस्तकांना तारे देणारे लेखकही निघाले. स्कॉटची युक्ती जुनी झाली नव्हती.

२००७ला गुडरीड्स हे वाचकांनी पुस्तकांना तारे आणि अभिप्राय द्यायचं संकेतस्थळ आलं, २०१३ला ते ॲमेझॉननेच विकत घेतलं. तिथली सरासरी मला काहीच सांगत नाही. पाचपैकी चारला थोडं कमी, हे मत कोणाचं? एकाने पाच दिले, दुसऱ्याने एक दिला, तर तीन हे मत दोघांपैकी कोणाचंच नाही. पण तिथेच काही वाचक वर्षानुवर्षं एका नावाने लिहितात. रहस्यकथेत खुनी आधीच कळला की चिडणारा एक, लांबलचक निसर्गवर्णनं आली की पानं उलटणारा दुसरा. या दुसऱ्याने कंटाळून सोडलेलं पुस्तक मी हमखास उचलतो, कारण त्याचा कंटाळा कुठे सुरू होतो ते मला माहीत आहे. अनेकांनी तिथे अर्धवट टाकलेल्या पुस्तकांचा वेगळा कप्पाच केला आहे, आणि कितव्या पानावर थांबलो तेही ते लिहितात. नव्या पुस्तकाकडे वळताना मी आधी तो कप्पा पाहतो.