मातीतल्या पोकळीचा सीटी स्कॅन

शेतातल्या भुसभुशीत मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळीच असते. हे शोधायला मोठं यंत्र लागत नाही. खनिज कणांची घनता घन सेंटिमीटरला साधारण २.६५ ग्रॅम धरतात. तेवढ्याच आकारमानाची कोरडी माती १.३ ग्रॅम भरली, तर पोकळी सुमारे ५१ टक्के. पण वापसा कधी येईल, म्हणजे पाणी निथळून माती मशागतीजोगी कधी होईल, हे या आकड्यावरून कळत नाही. पोकळी सारखीच असूनही एका शेतात पाणी मुरतं, दुसऱ्यात तुंबतं. पाण्याला सलग वाट हवी, आणि रुंदही. नळीसारख्या छिद्राची त्रिज्या निम्मी झाली, की त्याच दाबाखाली वाहणारं पाणी सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणूनच गांडुळाचं एखादं बीळ हजारो बारीक छिद्रांना भारी पडतं.

ही वाट पाहायची, तर पूर्वी ढेकळात राळ जिरवून ती घट्ट झाल्यावर कागदापेक्षा पातळ काप घासून काढत. त्यात छिद्रं सुरेख दिसतात, पण कापावरची दोन छिद्रं आत एकमेकांना मिळतात का, हे समजत नाही. शिवाय ढेकूळ कायमचं जातं.

गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनरने १९७१मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. पुढच्या दशकाच्या सुरुवातीलाच मृदाशास्त्रज्ञांनी त्यात माती ठेवली. क्ष-किरण खनिज कणांत जास्त अडतात, हवेत जवळजवळ नाहीच. नमुना फिरवत शेकडो प्रतिमा घ्यायच्या आणि संगणकाने त्यांतून अखंड त्रिमितीय चित्र उभं करायचं. तोच नमुना पावसाआधी आणि पावसानंतरही पाहता येतो.

खरी कसोटी पुढे लागते. चित्र करड्या छटांचं असतं. कोणती छटा पोकळी आणि कोणती कण, ही सीमा संशोधकाला ठरवावी लागते. ती किंचित सरकली तरी अरुंद वाटा तुटतात किंवा नसलेल्या जुळतात. पाणी आणि कुजलेली मुळं यांच्या छटा तर फारच जवळच्या. त्यामुळे निष्कर्ष वाचताना मी आधी ही सीमा कशी ठरवली ते पाहतो. रंगीत चित्रं नंतर.

दुसरी अडचण आकाराची. नमुना जितका मोठा, तितका बारकावा कमी. दख्खनच्या काळ्या मातीत ही फार जाणवते. उन्हाळ्यातल्या भेगा स्कॅनमध्ये ठळक येतात, पण तिच्या चिकणकणांमधली कितीतरी छिद्रं एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात आणि पुष्कळसं पाणी त्यांतच अडकून राहतं. ती नेहमीच्या स्कॅनमध्ये उमटतच नाहीत. म्हणून वजनावरून काढलेल्या एकूण पोकळीतून चित्रात मोजलेली वजा करतात. उरते ती न दिसलेल्या छिद्रांची.