चीनमधली लोकसंख्या धोरणं आणि तिथल्या बायका

चीनमध्ये घरात किती मुलं असावीत यात सरकार 1970 च्या दशकापासून लक्ष घालतंय, आधी कमी करा म्हणून आणि आता वाढवा म्हणून, पण दोन्ही वेळा भार पडला तो बायकांवरच. सगळ्यात गाजलं ते एक मूल धोरण, 1980 च्या सुमारास देशभर आलं आणि 2015 अखेरपर्यंत चाललं. खरंतर जन्मदर त्याआधीच, उशिरा लग्न आणि दोन मुलांत अंतर वगैरे सांगणाऱ्या मोहिमेत, जवळपास निम्म्यावर आला होता, त्यामुळे एवढ्या सक्तीची गरज होती का हा वाद अजून चालूच आहे.

नियम साधारण असा की पहिल्या मुलानंतर बाईला तांबी आणि दुसऱ्यानंतर नवराबायकोपैकी एकाचं ऑपरेशन. आता "एकाचं" हे कागदावर, कारण 1983 च्या मोहिमेत वर्षभरात 2 कोटींच्या वर नसबंदी झाल्या त्यातल्या साधारण 80 टक्के बायकांच्या, पुरुषाचं ऑपरेशन कितीतरी सोपं असूनही! तांबी म्हणजे बरीच वर्षं स्टीलची गोल रिंग असायची, दोरा नसलेली, म्हणजे बाईला ती स्वतःहून काढता येऊ नये आणि काढायची तर डॉक्टरकडेच जावं लागावं. ती जागेवर आहे ना याची वरचेवर तपासणी व्हायची, काही ठिकाणी तर पाळीचीसुद्धा नोंद ठेवायचे. परवानगी नसताना दिवस गेले तर जबर दंड, नोकरीवर गदा, नाहीतर गर्भपाताची सक्ती. 2012 मध्ये शान्शी प्रांतात सात महिन्यांच्या गरोदर बाईचा असा गर्भपात केला, फोटो नेटवर फिरले आणि लोक भडकले तेव्हा कुठे अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

1984 पासून बऱ्याच खेड्यांत पहिली मुलगी असेल तरच दुसऱ्याची परवानगी मिळू लागली, म्हणजे मुलगी ही अर्धीच हे सरकारनेच मान्य केल्यासारखं. त्यात सोनोग्राफी आली आणि 2010 पर्यंत जन्माला येणाऱ्या 100 मुलींमागे 118 च्या आसपास मुलगे झाले. किती मुली टाकून दिल्या गेल्या, किती कागदोपत्री लपवल्या गेल्या, ज्यांची हुकोउत, म्हणजे सरकारी कुटुंब नोंदणीत, नोंद नव्हती त्यांना शाळा आणि दवाखाना मिळणंही मुश्किल होतं. 1992 पासून 2024 मध्ये बंद होईपर्यंत दीड लाखांहून जास्त मुलं परदेशात दत्तक गेली, बहुतेक मुलीच. शहरात मात्र उलटंही घडलं, एकुलत्या एक मुलीला भाऊच नाही म्हटल्यावर आईबापांनी सगळा पैसा तिच्या शिक्षणावर लावला.

2016 ला दोन आणि 2021 ला तीन मुलांची मुभा मिळाली. शिनजियांगमध्ये मात्र 2017 नंतर तिथल्या उइघुर मुस्लिम बायकांवर तांबी आणि नसबंदीची सक्ती वाढल्याचे आरोप आहेत आणि तिथला जन्मदर झपाट्याने घसरलाय, सरकार सक्ती नाकारतं.

बाकी देशात आता मुलं व्हावीत म्हणून बाळंतपणाची रजा वाढवलीये, पण ती देणार कोण, तर कंपनी, मग इंटरव्ह्यूमध्येच लग्न कधी, मूल कधी असं विचारतात, तसं विचारायला बंदी असूनही. 2025 पासून तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,600 युआन मिळतात. एकट्या बाईला मात्र स्त्रीबीज गोठवून ठेवायचं असेल तर परवानगी नाही, बीजिंगमधल्या एका बाईने त्यासाठी हॉस्पिटलला कोर्टात खेचलं होतं, 2024 मध्ये ती शेवटचं अपीलही हरली.