उन्हात लांबणारी धावपट्टी

जून 2017 मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स विमानतळावर पारा 48 अंशांच्या घरात गेला आणि छोट्या प्रवासी विमानांची कित्येक उड्डाणं रद्द झाली. अशी बातमी आल्यावर डांबर वितळलं असेल, इंजिन तापलं असेल, असे तर्क हमखास निघतात. खरी अडचण असते हवेची. तापलेली हवा विरळ होते, आणि पंख, प्रोपेलर, इंजिन या तिघांचीही भिस्त तिच्यावरच असते.

प्रमाण हवा म्हणजे समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस तापमान आणि घनमीटरला 1.225 किलो वजन. वर जाताना दर हजार फुटांना तापमान सुमारे 2 अंशांनी उतरतं. म्हणजे 5000 फुटांवरच्या विमानतळावर 5 अंश अपेक्षित. तिथे दुपारी 35 अंश असतील तर 30 अंश जादा झाले. ढोबळ हिशेबाने दर जादा अंशाला 120 फूट धरायचे, म्हणजे 3600. हवेचा दाब नेहमीचा असला तरी विमानाच्या लेखी ती धावपट्टी 8600 फुटांवर आहे! हिला घनता-उंची म्हणतात. हवा उरते घनमीटरला जेमतेम 0.95 किलो.

आता गंमत बघा. पंखाची उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरते. घनता 22 टक्क्यांनी घटली तर तेवढीच उचल मिळवायला प्रत्यक्ष वेग 13 टक्क्यांनी वाढवावा लागतो. 60 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उठणारं विमान 68 नॉटला उठेल. पण वेगदर्शकाचा काटा मात्र 60 वरच असतो. कारण वेगदर्शकाला जोडलेली, पुढे तोंड असलेली पिटो नळी वेग मोजतच नाही, ती समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब मोजते, आणि त्या दाबालाही घनता आणि वेगाचा वर्ग हेच गणित लागू आहे. त्यामुळे काटा बरोबर, पण खिडकीबाहेर जमीन नेहमीपेक्षा जोरात पळताना दिसते. नवखा वैमानिक डोळ्यांवर विश्वास ठेवून नाक लवकर उचलतो. जमिनीलगत पंखावरचा रोध कमी असतो, म्हणून विमान उठतं खरं. पण पंखांच्या लांबीएवढी उंची गाठेपर्यंत तो फायदा संपतो आणि ते परत खाली बसतं.

टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या पिस्टन इंजिनाची ताकदही या हवेत पाऊण उरते. जास्त वेग हवा आणि तो गाठायला जोर कमी, अशा दुहेरी मारामुळे जमिनीवरची धाव साधारण पावणेदोनपट होते.

दमट हवा 'जड' असते ही समजूत उलटी आहे. पाण्याच्या रेणूचं वजन 18, कोरड्या हवेचं सरासरी 29. अर्थात 35 अंशांच्या पुरत्या दमट हवेतही घनता 2 टक्क्यांच्या आसपासच घटते. उष्ण ठिकाणी भरलेली विमानं पहाटे सोडतात, त्यातही शुभवेळ वगैरे काही नाही, पारा उतरलेला असतो इतकंच.

विमानाचं वजन 10 टक्क्यांनी वाढलं तर धाव किमान 21 टक्क्यांनी वाढते. उड्डाणवेगाच्या दहाव्या हिश्शाएवढा वारा समोरून असला तर ती 19 टक्क्यांनी घटते, तोच पाठीमागून आला तर 21 टक्क्यांनी वाढते.

आणि मिक्स्चर, म्हणजे पिस्टन इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण. त्याचं प्रमाण वैमानिक एका लिव्हरने ठरवतो, पुढे ढकलला की इंधन जास्त. विरळ हवेत लिव्हर पुढे ढकललेलाच ठेवला तर इंधन जास्त, हवा कमी, इंजिन खडखडतं आणि असलेली ताकदही पुरती देत नाही. उंचावरच्या विमानतळावर धाव सुरू करण्याआधीच पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे सर्वाधिक होईपर्यंत लिव्हर मागे घ्यायचा, मग थंडाव्यासाठी किंचित पुढे.