इंग्लंडमध्ये दिवाणी दावा: एन-१ अर्ज कसा तयार करावा

इंग्लंड किंवा वेल्समध्ये कोणाकडून पैसे येणे आहेत, बिल्डरने काम अर्धवट टाकले आहे, दुकानदाराने खराब माल देऊन हात वर केले आहेत, अशा वेळी कौंटी कोर्टातला दावा सुरू होतो तो एन-१ नावाच्या अर्जाने. अर्ज मोजक्या पानांचा आहे, भाषा सोपी आहे आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. तरीही घाई इथे महागात पडते, कारण तुम्ही अर्जात जे मागितले असेल त्यावरच निकाल होतो. व्याज मागितले नसेल तर व्याज मिळत नाही. नाव चुकीच्या माणसाचे घातले असेल तर निकालही त्याच्याच विरुद्ध लागतो. दुरुस्ती करता येते, पण अर्ज एकदा प्रतिवादीला बजावला गेला की तिच्यासाठी त्याची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी लागते.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची कोर्टे, अर्ज आणि नियम वेगळे आहेत. ग्लासगोतल्या घरमालकाविरुद्धच्या दाव्याला इथली माहिती उपयोगी पडणार नाही.

हाच अर्ज लागतो का?

सगळी भांडणे एन-१वर जात नाहीत. नोकरीवरून बेकायदा काढले असेल तर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे जायचे, तिथला अर्ज ईटी-१. घटनांबद्दल फारसा वाद नसेल आणि कोर्टाने फक्त कायद्याचा मुद्दा ठरवायचा असेल तर एन-२०८.

शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींचे अनेक वाद भाड्याच्या घराच्या डिपॉझिटवरून होतात. घरमालकाने डिपॉझिट ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायलाच हवे. ते ठेवले असेल आणि भांडण फक्त कापलेल्या रकमेचे असेल, तर आधी त्या योजनेची मोफत तंटा-निवारण सेवा वापरा, कोर्टाच्या फीचा धोकाच नको. योजनेत ठेवलेच नसेल तर डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम मागता येते, पण तो दावा साधारणपणे एन-२०८वर करतात.

दावा करणारी व्यक्ती १८ वर्षांची हवी. अज्ञान मुलाच्या वतीने प्रौढ माणूस ‘लिटिगेशन फ्रेंड’ म्हणून उभा राहतो. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. शिक्षण संपवून पुण्याला परतलेली व्यक्तीही दावा लावू शकते, मात्र कोर्टाची कागदपत्रे येण्यासाठी युनायटेड किंग्डममधला पत्ता द्यावा लागतो. तिथल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाचा किंवा मित्राचा पत्ता चालू शकतो, पण आलेले पाकीट तो त्याच दिवशी उघडून तुम्हाला कळवेल याची खात्री करा.

मुदत करारभंगाला सहा वर्षे, शारीरिक इजेला तीन वर्षे, बदनामीला एक वर्ष. मुदतीत बसण्यासाठी अर्ज योग्य फीसह कोर्टाच्या कचेरीत पोचलेला हवा. पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत.

आधी नोटीस

थेट अर्ज भरू नका. प्रतिवादीला ‘लेटर बिफोर क्लेम’ पाठवा. काय झाले, किती रक्कम हवी आणि ती कशी काढली ते त्यात लिहा, आणि महत्त्वाच्या कागदांच्या प्रती जोडा. साध्या प्रकरणात उत्तराला १४ दिवस पुरेसे मानले जातात, फार गुंतागुंतीच्या प्रकरणात जास्तीत जास्त तीन महिने. तुमचा व्यवसाय असेल आणि देणेकरी खासगी व्यक्ती असेल, तर कर्जवसुलीचे वेगळे नियम लागतात आणि ३० दिवस द्यावे लागतात. ही पायरी गाळलीत तर जिंकूनही खर्चाच्या बाबतीत कोर्ट तुमच्यावर नाराजी काढू शकते.

याच काळात समोरच्याची ऐपत तपासा. ज्याच्या नावावर आधीच चार निकाल थकलेले आहेत त्याच्याविरुद्ध पाचवा मिळवून हाती काय येणार?

प्रतिवादी नक्की कोण?

माझ्या मते अर्जातला सर्वात महत्त्वाचा रकाना हाच. दुकानाच्या पाटीवरचे नाव म्हणजे कायद्यातली व्यक्ती नव्हे. तुमचे पैसे घेतले ते माणसाने की कंपनीने, हे बिल, करार आणि बँकेच्या नोंदीवरून ठरवा. कंपनी असेल तर कंपनीज हाउसच्या मोफत ऑनलाइन नोंदवहीत तिचे पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता मिळतो. नावातले ‘लिमिटेड’ गाळू नका. एकटा माणूस दुकानाच्या नावाने धंदा करत असेल तर त्याचे स्वतःचे नाव लिहून पुढे ‘ट्रेडिंग अ‍ॅज’ आणि दुकानाचे नाव. कंपनीच्या देण्यासाठी संचालकाला वैयक्तिक प्रतिवादी करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने स्वतः हमी दिली नसेल तर तो दावा बहुधा टिकत नाही.

पत्ता पिनकोडसह, म्हणजे तिथल्या पोस्टकोडसह हवा. व्यक्तीचा सध्याचा किंवा शेवटचा माहीत असलेला राहता पत्ता चालतो. मात्र ती तिथे राहत नाही असे मानायला कारण असेल तर नवा पत्ता शोधण्याचा रास्त प्रयत्न केलेला दिसला पाहिजे.

रक्कम, व्याज आणि फी

लिहिताना लागू असलेली फी अशी: ३०० पौंडांपर्यंत ३५, ५०० पर्यंत ५०, १,००० पर्यंत ७०, १,५०० पर्यंत ८०, ३,००० पर्यंत ११५, ५,००० पर्यंत २०५, १०,००० पर्यंत ४५५ पौंड. त्यापुढे २ लाखांपर्यंत दाव्याच्या पाच टक्के आणि त्याहून मोठ्या दाव्याला सरसकट १०,००० पौंड. भरण्यापूर्वी ईएक्स-५० हे सरकारी फीपत्रक पाहा. जिंकलात तर फी प्रतिवादीकडून मिळते, हरलात तर गेली.

करारात व्याजदर नसेल तर कौंटी कोर्ट्स अ‍ॅक्ट १९८४च्या कलम ६९ खाली वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज मागण्याची पद्धत आहे. कोणत्या तारखेपासून, आजवर किती झाले आणि पुढे रोज किती, हे तिन्ही आकडे लिहायचे. फीची गोम इथेच आहे, कारण टप्पा ठरतो व्याज धरून. समजा येणे २,९५० पौंड आणि तीन महिन्यांचे व्याज सुमारे ५९. बेरीज ३,००९ होते आणि फी ११५ ऐवजी २०५ पडते. आजवरचे व्याज ५० पौंडांवरच थांबवले तर बेरीज नेमकी ३,००० राहते. नऊ पौंडांसाठी नव्वद पौंड आगाऊ अडकवायचे की नाही, तुम्हीच ठरवा.

रक्कम ठरलेली नसेल, उदाहरणार्थ इजेची भरपाई, तर ‘१०,००० पौंडांपेक्षा जास्त नाही’ अशासारखी मर्यादा लिहावी लागते. मर्यादाच घातली नाही तर सर्वात वरच्या टप्प्याची फी मागितली जाऊ शकते. वकिलाच्या खर्चाचा रकाना स्वतः दावा लावणाऱ्याने रिकामा ठेवायचा.

उत्पन्न आणि शिल्लक कमी असेल तर ‘हेल्प विथ फीज’ योजनेत फी पूर्ण किंवा अंशतः माफ होते. त्याचा कागदी अर्ज ईएक्स-१६०. ऑनलाइन केल्यास मिळणारा संदर्भ क्रमांक एन-१वर लिहायचा.

दाव्याचा तपशील

पहिल्या पानावर दावा कशाचा ते दोन-तीन ओळींत. खरी हकिकत ‘पर्टिक्युलर्स ऑफ क्लेम’मध्ये जाते, अर्जातच किंवा वेगळ्या कागदावर. परिच्छेदांना क्रमांक द्या आणि घटना तारखेच्या क्रमाने मांडा: करार काय होता, तो कुठे मोडला, त्यामुळे नुकसान किती, मागणी काय. लेखी करार असेल तर त्याची प्रत जोडा. करार तोंडी असेल तर कोण कोणाला काय बोलले, कधी आणि कुठे, हे शक्य तितक्या नेमक्या शब्दांत लिहावे लागते. ‘त्यांनी काम करण्याचे कबूल केले होते’ एवढ्याने भागत नाही. रागाची विशेषणे मात्र काढून टाका. न्यायाधीशांना ती वाचायला आवडत नाहीत आणि सिद्धही करता येत नाहीत. इजेच्या दाव्यात वैद्यकीय अहवाल आणि खर्चाचा तक्ता जोडतात.

शेवटी सत्यापन. ‘स्टेटमेंट ऑफ ट्रुथ’खाली सही केली की मजकूर खरा असल्याचे तुम्ही कोर्टाला सांगितले असे होते, आणि जाणूनबुजून खोटे लिहिल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते.

साक्षीदार आणण्याची वेळ पुढे येते, पण एक गोष्ट आत्ताच ठाऊक असावी. एप्रिल २०२० पासूनच्या नियमांनुसार साक्षीदाराचा लेखी जबाब त्याच्या स्वतःच्या भाषेत असावा लागतो. तुमच्या आईला इंग्रजी येत नसेल तर तिचा जबाब आधी मराठीत तयार करायचा, मग त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद, आणि मूळ मराठी कागदही कोर्टात द्यायचा. मुलाने इंग्रजीत लिहायचे आणि आईने खाली सही करायची, हे चालत नाही.

मानवी हक्कांचा प्रश्न आहे का, कोणाला सुनावणीत खास मदत लागेल का, हे रकाने प्रामाणिकपणे भरा. सुनावणीसाठी पसंतीचे कोर्ट विचारतात, पण ठरावीक रकमेच्या दाव्यात खासगी व्यक्तीने बचाव केला तर प्रकरण सहसा तिच्या जवळच्या कोर्टाकडे जाते.

पाठवणे आणि पुढे

कोर्टासाठी एक प्रत, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक आणि स्वतःसाठी एक. फक्त पैशांचा दावा असेल तर कागदी अर्ज नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरकडे जातो. ठरावीक रकमेचा दावा ऑनलाइनही लावता येतो. मात्र ‘मनी क्लेम ऑनलाइन’ या जुन्या सेवेत तपशिलाला जेमतेम १,०८० अक्षरांची जागा असते.

कोर्टाने शिक्का मारला की बजावणीला चार महिने मिळतात. सहसा कोर्टच पोस्टाने बजावते. स्वतः बजावायचे ठरवलेत तर समोरच्याने किंवा त्याच्या वकिलाने ईमेलवर स्वीकारू असे लेखी कळवल्याशिवाय ईमेलने पाठवू नका. २०१८ साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने वकिलाशिवाय लढणाऱ्या एका दावेदाराला याच कारणाने माघारी पाठवले, तेही तीन विरुद्ध दोन अशा मताने.

तपशील मिळाल्यापासून प्रतिवादीला उत्तरासाठी १४ दिवस असतात, दावा मिळाल्याची पोच कोर्टाला भरून दिली तर २८. १०,००० पौंडांपर्यंतच्या पैशांच्या दाव्यात बचाव आला तर मे २०२४ पासून फोनवरची एक तासाची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे. उत्तरच आले नाही तर निकाल आपोआप लागत नाही. ठरावीक रकमेसाठी तो एन-२२५ अर्जावर तुम्हालाच मागावा लागतो. बचावाची मुदत संपल्यावर सहा महिने तुम्ही काहीच केले नाही तर दावा स्थगित होतो.