काढून टाकलं तर ग्रॅच्युइटी बुडते? कुणी सांगितलं?

शिरोली एमआयडीसीत पंधरा वर्षं ऐकतोय, "राजीनामा दे, नायतर काढून टाकतो, मग ग्रॅच्युइटी-पीएफ सगळं बुडालं". साफ खोटं आहे राव. पीएफ तुमचाच राहतो, आणि सलग 5 वर्षं झाली असतील तर राजीनामा द्या की काढून टाकू देत, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम, मिळते. ती रोखता येते फक्त मारामारी, मुद्दाम किंवा निष्काळजीपणानं केलेलं नुकसान, नैतिक अधःपतनाचा (चोरी, फसवणूक असा) गुन्हा अशा कारणानं काढलं तरच, काम कमी आहे म्हणून नाही.

हिशोब बघा, बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) 26,000, गुणिले 15 भागिले 26, म्हणजे वर्षाला 15,000, आणि 8 वर्षं 7 महिने झाले असतील तर 9 धरतात, म्हणजे 1,35,000.

खरं नुकसान उलट राजीनामा दिल्यानंच होतं. कंपनीनं माझ्यापुढं राजीनाम्याचा टाईप केलेला कागद सरकवला, वर पेन, चहा पण मागवलेला, आणि त्यात "वैयक्तिक कारणास्तव". कामगार कपातीत नोटीस आणि वर्षामागं 15 दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते, ती या दोन शब्दांत जाते की वो! म्हणून मी चहा प्यायलो, सही नाही केली, म्हटलं नोटीस पगार, शिल्लक रजेचे पैसे, अनुभवाचा दाखला आधी लेखी द्या, मग बघू.