समुद्रकड्याच्या छायाचित्रातील पाणसळ

आमच्या अचलपूर-परतवाडा भागातील तरुणांच्या मोबाइलवर सध्या एक छायाचित्र फिरत आहे. एक आरोहक काळ्या कड्याला बिलगलेला आहे, खाली निळा समुद्र आहे, आणि कडा 'सरळ नव्वद अंशांचा' असल्याचे सोबतच्या मजकुरात छातीठोकपणे सांगितलेले आहे. छायाचित्र देखणे आहे, यात वाद नाही. मात्र त्यातील समुद्र डावीकडून उजवीकडे उतरता दिसतो, आणि पडद्यावर कोनमापक धरून पाहिले तर हा उतार सुमारे १५ अंश भरतो. पाणी उतारावर थांबत नसल्यामुळे कॅमेराच तिरका धरला होता, हे उघड आहे. छायाचित्र फिरवून समुद्र आडवा केला की नव्वद अंशांचा कडा पंचाहत्तरांवर येतो.

पंधरा अंशांनी असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. पंचाहत्तर अंशांच्या कातळावर उभे राहिलेल्या माणसाच्या वजनाचा सुमारे २६ टक्के भाग कातळावर लंब दिशेने दाबला जातो आणि त्या दाबामुळे बुटाच्या तळव्याला घर्षणाचा आधार मिळतो. नव्वद अंशांवर हा भाग शून्य होतो. तेथे पाय ठेवायला खाच किंवा कंगोरा असावाच लागतो. मनगटाच्या एका वळशाने चढाईचा प्रकारच बदलून दाखवता येतो, तो असा.

डोंगरातील छायाचित्रात ही लबाडी सहसा पकडली जात नाही, कारण मागे दिसणारी डोंगराची धार मुळातच तिरकी असते. समुद्रकड्यावर मात्र दोन साक्षीदार आयते मिळतात. क्षितिज ही गवंड्याची पाणसळ असते, आणि वाऱ्याने न हलता मोकळा लोंबणारा दोर हा त्याचा ओळंबा. माझ्या मते समुद्रकड्यावरील चांगल्या छायाचित्राची पहिली कसोटी हीच, की त्यात या दोहोंपैकी निदान एक तरी स्पष्ट दिसावा आणि कड्याची खरी चढण पाहणाऱ्याला मोजता यावी. रंग, प्रकाश आणि आरोहकाच्या चेहऱ्यावरचे भाव त्यानंतर.

क्षितिजाचा आणखी एक गुण याहून विलक्षण आहे, आणि तो थोडा सावकाश समजून घ्यावा लागतो. आपण समुद्रकिनारी उभे राहिलो तर क्षितिज सुमारे साडेचार-पाच किलोमीटरवर असते. शंभर मीटर उंचीच्या कड्यावर गेलो तर ते ३६ किलोमीटरच्या आसपास जाते. पृथ्वी इतकी मोठी आहे की एवढ्या लांबच्या पाण्याकडे जाणारी दृष्टिरेषा जवळजवळ आडवीच राहते. शंभर मीटर उंचीवरूनसुद्धा ती खऱ्या आडव्या रेषेपेक्षा केवळ ०.३२ अंशाने खाली झुकते. आता या दृष्टिरेषेच्या वाटेत ५० मीटरवर एक कडा आहे, असे समजा. ही रेषा त्या कड्याला कॅमेऱ्याच्या पातळीच्या केवळ २८ सेंटीमीटर खाली छेदील. म्हणजेच छायाचित्रात क्षितिजरेषा कड्याला जेथे छेदते, तो बिंदू आणि कॅमेरा हे समुद्रसपाटीपासून जवळपास एकाच उंचीवर असतात. कोणते भिंग वापरले, कॅमेरा किती वर किंवा खाली वळवला, छायाचित्र नंतर किती कापले, यांपैकी कशानेही हा नियम बदलत नाही. क्षितिजाच्या वर दिसणारी प्रत्येक वस्तू छायाचित्रकारापेक्षा उंच, आणि खाली दिसणारी प्रत्येक वस्तू सखल.

यातून छायाचित्राची जवळजवळ सारी रचना ठरते. नावेतून छायाचित्र घेतले तर क्षितिज कड्याच्या पायथ्याशीच राहते आणि तीस मीटर वर चढलेला आरोहक आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. पाण्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. साठ मीटर उंचीच्या माथ्यावरून खाली रोखले तर त्याच्या मागे नुसते पाणी राहते आणि क्षितिज चौकटीबाहेर गेल्यामुळे पाणसळ हरवते. कॅमेरा नेमका आरोहकाच्या खांद्याच्या उंचीवर असेल तर क्षितिजरेषा त्याच्या मानेतून आरपार जाते, आणि हा दोष कितीही जवळ किंवा लांब गेले तरी सुटत नाही. उपाय एकच : छायाचित्रकाराने आपल्या दोरावर दोन-तीन मीटर वर सरकावे. मग क्षितिज आरोहकाच्या डोक्यावरून मोकळे जाते, त्याच्या पायाखाली पाणी दिसते, आणि उंचीची जाणीव व उंचीचा पुरावा दोन्ही एकाच चौकटीत येतात.

कड्याच्या पायथ्याशी उभे राहून वर रोखलेल्या कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. कड्यापासून पाच मीटरवर उभे राहून तीस मीटर वरच्या माणसाकडे पाहिले, तर दृष्टिरेषा आणि कडा यांच्यातील कोन जेमतेम साडेनऊ अंश उरतो, त्यामुळे १.७ मीटर उंचीचा माणूस २८ सेंटीमीटर इतका आखडलेला दिसतो, आणि त्यातही बुटांचे तळवे व पाठीमागचा भागच अधिक भरतो. म्हणून समोरून किंवा बाजूने, साधारण समान उंचीवरून पाहता येईल असे ठिकाण मिळणे ही समुद्रकड्यावरील मोठी चैन आहे. वेल्समधील अँगलसी बेटाला लागून असलेल्या होली आयलंडवरच्या गोगार्थच्या कड्यांत ती मिळते. तेथील 'वेन झॉन' ही समुद्राने कोरलेली अरुंद घळ असून तिच्या एका काठावर उभे राहिले की समोरच्या उतरत्या कातळावरचा आरोहक बाजूने पूर्ण दिसतो. एड ड्रमंड आणि डेव्ह पिअर्स यांनी १९६८ साली प्रथम चढलेला 'अ ड्रीम ऑफ व्हाइट हॉर्सेस' हा मार्ग याच कातळावरून आडवा जातो, आणि त्यावरील लिओ डिकिन्सन यांचे छायाचित्र आरोहकांच्या पलीकडे उसळलेल्या लाटेच्या पांढऱ्या फवाऱ्यामुळे प्रसिद्ध झाले.

फवारा योग्य क्षणी टिपणे हा नशिबाचा भाग मानला जातो, पण त्यामागे शाळेतलेच गणित आहे. वीस मीटर उंच जाणारे पाणी सुटताना सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने जाते, दोन सेकंदांत माथ्यावर पोहोचते आणि तेथे क्षणभर त्याचा उभा वेग शून्य होतो. माथ्यापूर्वीचा आणि नंतरचा प्रत्येकी ०.२ सेकंद धरला तर त्या काळात थेंब केवळ २० सेंटीमीटर वर-खाली होतो. लाट आदळताच बटण दाबणाऱ्याला रेघोट्या मिळतात. मनात दोन सेकंद मोजणाऱ्याला लोंबकळणारे मोती मिळतात.

समुद्रकड्यांचे आकर्षण स्थिर छायाचित्रांपुरतेच राहिलेले नाही. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांतील 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' हा १३७ मीटर उंचीचा सुटा स्तंभ १९६६ साली प्रथम चढला गेला आणि १९६७ साली बीबीसीने त्यावरील चढाई दूरचित्रवाणीवर थेट दाखवली. हा स्तंभ वालुकाश्माचा असला तरी त्याचा चौथरा बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकाचा आहे. आमच्या चिखलदऱ्याच्या कातळाशी तेवढे नाते सांगता येते, जरी तो लाव्हा आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना आहे.

येथे एका अपसमजाचा समाचार घेणे भाग आहे. समुद्रकड्याच्या छायाचित्रांत क्षितिज कधी कमानीसारखे वाकलेले दिसते, आणि ते पाहून पृथ्वीची गोलाई उघड्या डोळ्यांनी दिसल्याचे संदेश फिरतात. दुसरीकडे क्षितिज सरळ दिसणारी छायाचित्रे पुढे करून पृथ्वी सपाट असल्याचे सांगणारे महाभागही आहेत. दोघेही भिंगाला विसरतात. रुंद कोनाचे भिंग चौकटीच्या मध्यापासून दूर असलेल्या सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगवते, त्यामुळे क्षितिज मध्याच्या वर ठेवले तर पृथ्वी घुमटासारखी आणि खाली ठेवले तर परातीसारखी दिसते. शंभर मीटर उंचीवरून खरी वक्रता डोळ्यांना जाणवण्याइतकी नसते. पृथ्वी गोल असल्याचे पुरावे भरपूर आहेत. हे मात्र त्यांपैकी नाही.

आमच्यापासून सर्वांत जवळचा समुद्र ४५० किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे येथील हौशी छायाचित्रकार पाण्याची हौस धरणावर भागवतात. शहानूर धरणाच्या काठी छायाचित्र घेताना पलीकडच्या काठाची रेघ आडवी दिसेपर्यंत मोबाइल फिरवणारे अनेक आहेत, आणि ते चुकतात. धरणाचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे. तो डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली असतो, आणि त्याचे एक टोक आपल्याजवळ व दुसरे लांब असेल तर मोबाइल बिनचूक धरूनही ती रेघ तिरकी दिसते. ती सरळ केली की काठावरचा माणूस कलतो. तेथे पाणसळीऐवजी ओळंबा शोधावा. पाणी स्थिर असेल तेव्हा मोबाइल वर किंवा खाली न झुकवता धरावा, आणि एखाद्या झाडाचा शेंडा व पाण्यातील त्याच शेंड्याचे प्रतिबिंब यांना जोडणारी रेषा चौकटीच्या उभ्या कडेला समांतर आहे की नाही, एवढेच पाहावे.